अरबाबची कुत्री आणि डिंकाचे लाडू

दुबईत थंडी असते की नसते, हा प्रश्न मला शेवटपर्यंत सुटला नाही. मी मूळची नाशिकची. आमच्याकडे थंडी म्हणजे खोबरेल तेलाची बाटली सकाळी चुलीजवळ नेऊन ठेवायची, तेव्हा कुठे डोक्याला तेल मिळायचं. दुबईत नोव्हेंबर लागला की लोक एकमेकांना 'विंटर आला हं' असं अभिनंदन केल्यासारखं सांगत सुटायचे आणि मी पंख्याखाली बसलेली असायचे. डिसेंबरात मग एखाद्या सकाळी मी स्वेटर घालून बाहेर पडायचे आणि गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत घामाघूम व्हायचे. स्वेटर कपाटात गेला रे गेला की संध्याकाळी समुद्रावरून गार वारा सुटायचा. म्हणजे थंडी होती, पण तिचा भरवसा नव्हता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. नवऱ्याचा एसीच्या सुट्या भागांचा व्यापार होता, एका वयस्कर अरबाबच्या भागीदारीत. अरबाब म्हणजे मालक. धंद्याचा परवाना त्याच्या नावावर, आमचे व्हिसा त्याच्या सहीवर, आणि जुमेराच्या मागच्या गल्लीतलं आम्ही राहत होतो ते बैठं घरही त्याचंच. माणूस भला होता. तरुणपणी मुंबईला त्याचं येणंजाणं होतं, त्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा सफाईदार बोलायचा. दर हिवाळ्यात आपले ससाणे आणि कुत्रे घेऊन तो कुठल्या तरी दूरच्या देशात शिकारीला जायचा. त्या वर्षी निघायच्या थोडं आधी त्याची गाडी आमच्या दारात थांबली आणि मागच्या सीटवरून एक कुत्री उतरली.

असलं जनावर मी तोवर पाहिलं नव्हतं. सायीच्या रंगाची, उंच, लांब तोंडाची, कानांवर रेशमासारखे केस, आणि पोट पाठीला लागलेलं. बरगड्या लांबून मोजता याव्यात इतकी बारीक. तिचा पुढचा एक पाय मोडला होता. प्लास्टर निघालं होतं, पण तो पाय टेकवण्याआधी ती दर वेळी थोडा विचार करायची.

अरबाब म्हणाला, बाकीचे कुत्रे शिकारीला निघालेले हिला दिसले तर ही खाणं सोडेल. तुमच्याकडे अंगण आहे, मी येईपर्यंत सांभाळा. मी तोंड उघडायच्या आत नवरा 'इन्शाल्ला, इन्शाल्ला' म्हणून मोकळा झाला होता. 'नाही' तरी म्हणणार कसं? ज्याच्या घरात आपण राहतो त्याची कुत्री आपल्याकडे राहायला आली, तर यजमान कोण आणि पाहुणा कोण, हेच मला उमजेना. तरी मी एवढं म्हटलं की आमच्या घरात कधी कुणी कुत्रा पाळलेला नाही. त्याला ते लागलं असावं.

"बेटी, ये कुत्ता नहीं है," तो म्हणाला. "ये सलूकी है."

मग त्याने समजावून सांगितलं. कुत्रा तंबूच्या बाहेर, सलुकी तंबूच्या आत. वाळवंटातले बेदू लोक तिला आपल्या गालिच्यावर झोपवतात. खायला थोडं मांस, थोडे खजूर, जास्त काही नाही. हे 'जास्त नाही' त्याने दोनदा सांगितलं. त्याच्या गाडीची धूळ खाली बसली तरी मी त्या प्राण्याकडे बघत उभी होते. कुत्री आहे हे तर दिसत होतं. पण मालकच नाही म्हणतो म्हटल्यावर मी कोण?

तिचं अरबी नाव आमच्यापैकी कुणाच्याच घशातून धड निघेना, म्हणून मी तिला 'बाई' म्हणायला लागले. "चला बाई, उठा बाई." आमची मुलगी तेव्हा नऊ-दहा वर्षांची, ऊद मेथाच्या शाळेत जायची आणि मी मराठीत काही विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची. ती म्हणाली, "आई, शी इज सो थिन. इज शी सिक?" माझ्या मनात तेच चाललं होतं. एवढ्या श्रीमंत माणसाची कुत्री आणि अंगावर मांस म्हणून नाही.

आता इथे मी जे केलं ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईने केलं असतं. हाड मोडलेलं, त्यात थंडीचे दिवस. अशा वेळी डिंकाचे लाडू सोडून दुसरं काही सुचतं का? बाळंतिणीला आपण तेच देतो, पडून हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांनाही तेच देतो. मी बर दुबईहून डिंक आणला, खारीक कुटली, खोबरं भाजलं, तूप सढळ हाताने घातलं. नवऱ्याने डिंकाच्या दिरहॅमचे रुपये करून दाखवले, मी कानाआड केले. बाईने पहिला लाडू हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडात न घोळवताच गिळला. त्या दिवसापासून रोज सकाळी एक लाडू, दुपारी तूप लावलेली पोळी, रात्री अरबाबने सांगितलेलं थोडं मांस. त्याचं ऐकलं नाही असं मला कुणी म्हणायला नको.

आमच्या घराचा दुसरा अर्धा भाग रत्नागिरीच्या एका कुटुंबाकडे होता. नवरा बंदरात कामाला, बायको माझ्याच वयाची. मी तिला भाभी म्हणायचे आणि ती मला वहिनी. का कोण जाणे, दोघींनी एकमेकींचा शब्द उचलला होता. आम्हा दोघींना संध्याकाळी समुद्रावर चालायला जायची सवय होती, आणि बाई आली तिथे घोडं अडलं. भाभी पाच वेळची नमाजी. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर सगळं धुणं आलं. मी तिला म्हटलं, अरबाब सांगतो ही कुत्री नाहीच. ती माझ्याइतकीच गोंधळली. तिने नवऱ्याला विचारलं, त्याने एक सांगितलं. रत्नागिरीला भावाला फोन केला, त्याने भलतंच सांगितलं. शेवटी तिने आपल्यापुरता निकाल लावला. ती गल्लीच्या पलीकडच्या कडेने चालणार आणि मी बाईला घेऊन अलीकडच्या.

अशा आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी या कडेला, ती त्या कडेला, मधे गल्ली, आणि आमच्या गप्पा दोन्ही कडांना ऐकू जातील अशा आवाजात. सासूच्या कागाळ्या, तिसऱ्यांचं कालवण, कुणाच्या नवऱ्याचं काय, सगळं त्या गल्लीला पाठ झालं असेल. समुद्रावर पोचलो की भाभी पाण्याच्या कडेने चालायची आणि आम्ही वरच्या कोरड्या वाळूतून. बाईला पट्टा म्हणून मी माझ्या जुन्या साडीच्या काठाची वेणी घातली होती. ती कधी ओढायची नाही. माझ्या गुडघ्याशी लागून चालायची आणि मधेच थांबून वर आभाळाकडे बघत राहायची. तिथे काहीच नसायचं. मीही थांबून बघायचे. मग पलीकडून भाभी ओरडून विचारायची, काय दिसतंय? आणि मला सांगता यायचं नाही.

तो हिवाळा मला फार आवडला. पहाटे धुकं पडायचं, समोरची मशीदही दिसेनाशी व्हायची, आणि मी बाईला घेऊन नुसत्या पावलांच्या आवाजावर चालायचे. तिच्यासाठी मी एक लाल स्वेटर विणला होता. शुक्रवारी सुट्टी. आम्ही शेगडी आणि चटया घेऊन गावाबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचो. तिथे निखाऱ्यावर वांगी भाजायची, लसूण ठेचायचा, भरीत-भाकरी वाऱ्यात बसून खायची. जेवणात थोडी वाळू यायचीच. मुलगी टेकडीवरून घसरत खाली यायची, बाई तिच्या मागे लंगडत उतरायची, आणि दमली की शेगडीच्या उबेला पाय दुमडून बसायची. त्याआधी संध्याकाळची ती एक फेरी सोडली तर दुबईत मी घरात असायचे किंवा गाडीत असायचे. चार भिंती, नाही तर चार काचा. बाहेरची हवा मला त्या कुत्रीने दाखवली, हे मी आजही मानते.

लाल स्वेटर बाईला घट्ट होऊ लागला तेव्हा मी वॉशिंग मशीनला दोष दिला. लोकर आटली म्हटलं. मग एके दिवशी तो तिच्या पोटावरून खाली येईना. मुलगी लांबूनच बघत होती. ती म्हणाली, "आई, द स्वेटर इज फाइन." मी तिला अभ्यासाला पाठवलं आणि बाईच्या अंगावरून हात फिरवला. बरगड्या होत्या, पण त्या आता शोधाव्या लागत होत्या.

त्याच सुमारास अरबाबचा फोन आला. मागे वारा घोंघावत होता. नवरा उभ्यानेच बोलला, अरबाबशी तो फोनवरही बसून बोलत नसे. फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा विचित्र झाला होता. अरबाब थंडी सरता सरता परत येणार होता. बाईचा पाय बरा होऊन ती धावू लागली असेल तर तो तिला घेऊन जाणार, पुढच्या शिकारीसाठी तयार करणार. आणि नसेल धावत, तर न धावणारी सलुकी तो फार्मवर ठेवून काय करणार? मग तुमच्याकडेच राहू दे, मुलीला आवडते, असं म्हणाला.

आता माझी खरी पंचाईत झाली. बाई तशीच गुबगुबीत राहिली तर ती माझी होती. मला काही करायचंही नव्हतं, फक्त रोज एक लाडू. पण मग अरबाब येऊन बघणार काय? आपली रेघेसारखी सलुकी पिंपासारखी करून ठेवलेली. तो भला माणूस होता, बोलला नसता. नवऱ्याला नेमकी त्याच्या न बोलण्याचीच भीती होती. एक चांगलं जनावर आपल्या हातून बिघडलं, हे त्याच्या मनात राहिलं असतं, आणि दरवर्षी व्हिसाच्या कागदावर सही करताना ते त्याला आठवलं असतं. नवरा म्हणाला, तू ठरव. ठरवायची वेळ आली की तो हे वाक्य नेहमी माझ्याकडे सरकवायचा.

मला ठरवता येईना. रोज संध्याकाळी मी नवे कॅनव्हासचे बूट घालून, ओढणी कमरेला बांधून बाईला वाळूत पळवायला निघायचे. ती पळत नव्हतीच, दुडकत होती, आणि तिच्यापेक्षा मीच जास्त पळत होते. घरी यायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं, आणि सकाळी पुन्हा लाडू. लाडू भरवताना वाटायचं, ही राहील. पळवताना वाटायचं, ही बरी होईल. दोन्ही खरंच हवं होतं, आणि एक झालं की दुसरं हातचं जाणार होतं. कधीकधी मला तिचाच राग यायचा, की ही काही सांगत का नाही.

गल्लीच्या पलीकडून भाभी हे सगळं बघत होती. एक दिवस ती चालता चालता थांबली.

"वहिनी, तुम्ही एकदा काय ते ठरवा," तिने तिथूनच हाक दिली. "सकाळी लाडू आणि संध्याकाळी धाव. त्या मुक्या जिवाने समजायचं काय?"

तुम्हाला काय कळतंय, तुम्ही तर तिच्याजवळही येत नाही, असं मी म्हणणार होते, पण एवढ्या मोठ्याने ते म्हणता येईना.

संक्रांत झाली आणि त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही सगळे समुद्रावर गेलो. नवऱ्याने बर दुबईच्या दुकानातून पतंग आणला होता. तिळगूळ डब्यात होता, भाभीही आपली चटई घेऊन आली होती आणि नेहमीप्रमाणे थोडी लांब बसली होती. तिचा तिळगूळ मुलीने नेऊन दिला. नवऱ्याला पतंग उडवता येतो असं तो लग्नापासून सांगत आला होता, ते त्या दिवशी कधी नव्हे ते खरं निघालं. पतंग वर चढला. मी बाईच्या पट्ट्याचा, साडीचा काठ सैल धरला होता, कारण ती कधी ओढत नसे.

तिने मान वर केली. ती नेहमीच आभाळात बघायची, पण आज तिथे काहीतरी होतं. तिच्या अंगातून एक थरथर गेली ती मला हातातल्या काठातून कळली. मग पतंगाने एक झोल खाल्ला, समुद्र सोडून किनाऱ्याकडे वळला, आणि काठ माझ्या हातातून निसटला.

ती धावली. याला मला दुसरा शब्द माहीत नाही, पण तोवर मी धावणं म्हणत होते ते हे नव्हतं. लंगडणं कुठे गेलं, जाडी कुठे गेली, मला कळलं नाही. पाय वाळूला लागत होते की नाही हेही दिसत नव्हतं. डोळे वर पतंगावर, आणि खाली ती त्याच्या बरोबर, तो वळेल तिकडे वळत. लोक बाजूला झाले. मुलगी ओरडायची थांबली. नवऱ्याच्या हातातला मांजा तसाच राहिला. मागाहून त्याने सांगितलं की या सलुकी ससाण्याबरोबर शिकार करतात, ससाणा वरून दाखवतो आणि त्या खालून धावतात. बाईला तो पतंग ससाणा वाटला असेल की नुसतंच कित्येक दिवसांत आभाळात काहीतरी हललं म्हणून ती सुटली असेल, मला अजून माहीत नाही. परत आली तेव्हा तिची छाती धपापत होती, जीभ लोंबत होती, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू इतके दिवस मीच आजारी होते.

त्या दिवसापासून मी लाडू बंद केले. ठरवलं असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा उघडला आणि हात पुढे जाईना, इतकंच. उरलेले लाडू आम्ही तिघांनी संपवले आणि ते सगळे माझ्या अंगाला लागले. रोज संध्याकाळी मी तिला सोडायचे, ती पाण्याच्या कडेने दूरवर जायची, ठिपका व्हायची, आणि परत यायची. प्रत्येक वेळी ती आधीच्यापेक्षा लवकर परत यायची. मला आनंद व्हायचा आणि अरबाब यायला किती दिवस उरले तेही मी मोजायचे. लाल स्वेटर पुन्हा बसू लागला, आणि मग सैल झाला.

अरबाब आला तेव्हा उन्हाला धार यायला लागली होती. चहा घेतला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग त्याने बाईला जवळ बोलावून तिच्या कमरेच्या दोन हाडांच्या मधे हाताची बोटं आडवी ठेवली. त्यांच्यात सलुकी अशी जोखतात म्हणे. बोटं बराच वेळ तिथेच होती. नवरा माझ्याकडे बघेना.

"इसको किसने दौड़ाया?" अरबाबने विचारलं.

मी म्हटलं, मी. त्याने दाराशी पडलेल्या माझ्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं. ते वाळूने पांढरे झाले होते, एकाचा तळ सुटला होता.

"खलास," तो म्हणाला, म्हणजे झालं काम. "अब ये पूरी है."

एवढंच बोलला. आभार मानले नाहीत, आणि ते बरं झालं, नाही तर मी तिथेच रडले असते. त्याने आपला चामड्याचा पट्टा तिच्या गळ्यात घातला, माझा काठ सोडून मला परत दिला. बाई गाडीत चढली, मागच्या सीटवर बसली आणि पुढे बघायला लागली. माझ्याकडे नाही, पुढे. गाडी वळली तरी नाही. मला तिचा अभिमान वाटत होता आणि अपमानही वाटत होता, आणि यातलं कुठलं खरं हे नवऱ्याने विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याने विचारलं नाही. तो फक्त म्हणाला, अरबाब खूश झाला.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी मी बूट घातले. कशाला घालते आहे हे कळत नव्हतं, पण पाय आपोआप बाहेर पडले. भाभी तिच्या दारात तयार उभी होती. आज ती गल्ली ओलांडून पलीकडे गेली नाही, माझ्याच कडेने चालू लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आम्ही शेजारी शेजारी चालत होतो आणि बोलायला काही सुचत नव्हतं. एवढ्या जवळून हळू आवाजात काय बोलायचं असतं तेच दोघी विसरलो होतो.

समुद्र दिसायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझ्या बाजूने चालते आहे खरी, पण तिने मधे जागा सोडली आहे. एका कुत्रीला आरामात चालता येईल एवढी.

"भाभी, आता कशाला एवढं लांब?" मी म्हटलं. "गेली ना ती."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मग तुमच्या हातात काय आहे, वहिनी?"

साडीच्या काठाची ती वेणी मी घरून निघताना उचलली होती, आणि तिचं मोकळं टोक मधल्या जागेत वाळूवरून आमच्याबरोबर येत होतं.